अक्षरे मोजणारी प्रत : लिनक्समधील पायथनच्या आवृत्त्यांचा इतिहास

‘मराठी’ या शब्दात अक्षरे किती, असा प्रश्न केला तर प्राथमिक शाळेतले मूलही बोटांवर मोजून ३ म्हणेल. हाच प्रश्न पायथन या संगणकभाषेच्या दुसऱ्या पिढीला लिनक्सच्या पडद्यावर विचारला, तर उत्तर येई १५. तिसऱ्या पिढीला विचारले की येते ५. तीन हे उत्तर दोन्ही पिढ्यांना आपसूक येत नाही. अभंगाच्या अभ्यासकाला हा निव्वळ विनोद वाटू शकत नाही. मोठ्या अभंगाचे चरण ६, ६, ६ आणि ४ अशा अक्षरसंख्येवर उभे असतात. मोजणाऱ्यालाच अक्षर म्हणजे काय हे ठाऊक नसेल, तर गाथेतील छंदाविषयी त्याने मांडलेली सारी कोष्टके निरर्थक ठरतात. बिबवेवाडीतल्या एका घरी जमून आम्ही काही मराठीचे अध्यापक अशी मोजणी करीत आलो आहोत. त्या निमित्ताने छंदःशास्त्राबरोबर एका भलत्याच शास्त्राशी आमची गाठ पडली : एका संगणकावर पायथनच्या किती आवृत्त्या नांदवायच्या, त्यांची पॅकेजे कोठून आणायची, आणि कोणत्या प्रतीला मुळीच हात लावायचा नाही. हा विषय संगणकाच्या कारागिरांचा मानला जातो. आम्हांला तो पाठचिकित्सेचा वाटतो, आणि तसा का वाटतो हे सांगण्यासाठी त्याचा इतिहास थोडा मागून उकलावा लागेल.

गिदो व्हान रोसम यांनी पायथन पहिल्यांदा लोकांपुढे ठेवली ती १९९१ साली. त्याच वर्षी युनिकोड या जागतिक लिपिसंकेताची पहिली आवृत्ती निघाली आणि तीत देवनागरीला जागा मिळाली. ही जागा आखताना १९८८ चा ‘इस्की’ हा भारतीय संकेत पायाभूत धरला होता, हे येथे नमूद करणे अगत्याचे आहे. कारण स्वर, व्यंजन, काना, वेलांटी, हलन्त यांना स्वतंत्र चिन्हे मानण्याची रीत तेथूनच आली. पायथनच्या आरंभीच्या रचनेत मात्र मजकूर म्हणजे बाइटांची माळ, इतकेच. इंग्रजीचे एक अक्षर एका बाइटात बसते, म्हणून त्या भाषेत लिहिणाऱ्याला माळ आणि मजकूर यांतला फरक कधी दिसलाच नाही. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या एका चिन्हाला तीन बाइट लागतात. म, र, काना, ठ, वेलांटी ही पाच चिन्हे. त्यांचे बाइट १५.

ऑक्टोबर २००० मध्ये आलेल्या २.० या आवृत्तीत युनिकोड मजकुराचा वेगळा प्रकार आला खरा, पण तो जुन्या प्रकाराच्या शेजारी पाहुण्यासारखा बसवला गेला. दोन्ही प्रकार एकत्र आले की पायथन जुन्या मजकुराला मुकाट्याने इंग्रजी समजे, आणि तो इंग्रजी नाही हे कळताच आज्ञावली बंद पाडी. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह २२४ या क्रमांकाच्या बाइटने सुरू होते आणि इंग्रजीची जुनी वर्णमाला १२७ वर संपते. त्यामुळे मराठी फाईल वाचायला घेतली, की बहुधा पहिल्याच अक्षरावर तक्रार येई.

३ डिसेंबर २००८ रोजी पायथन ३.० आली. जुन्या आज्ञावल्या नव्या आवृत्तीत चालणार नाहीत, हे तिच्या कर्त्यांनी जाणूनबुजून पत्करले होते. त्यावर इंग्रजीत पुढे कितीतरी वर्षे कुरकूर चालली. छापण्याच्या आज्ञेला कंस का लावायचा, यावर तर इतकी शाई सांडली की एखाद्याला वाटावे सारा वाद कंसाचाच आहे. आमचे मत वेगळे आहे. त्या फाटाफुटीचा गाभा मजकूर म्हणजे काय हा होता. मजकूर म्हणजे युनिकोड, आणि बाइट ही निराळी वस्तू, असा निवाडा तिसऱ्या पिढीने दिला. ज्यांची लिपी १२७ च्या आत मावत होती त्यांना हा उपद्व्याप वाटला. आमची पहिल्यापासूनच बाहेर होती. त्या आवृत्तीपासून आज्ञावलीतल्या चलाला ‘अभंग’ असे नाव देवनागरीतही ठेवता येऊ लागले. ही सवलत फारसे कोणी वापरीत नाही, ही गोष्ट निराळी.

आता प्रश्न असा, की नवी आवृत्ती आली तर जुनी काढून नवी घालावी. त्यात अडचण कसली? अडचण लिनक्सच्या वितरणांत होती. डेबियन, फेडोरा, उबुंटू ही वितरणे म्हणजे हजारो आज्ञावल्या एकमेकींना जुळवून बांधलेला संग्रह. डेबियनच्या २०२३ मधील १२ व्या आवृत्तीत ६४,००० हून अधिक पॅकेजे होती. असा संग्रह टिकतो तो एका शिस्तीवर : एखाद्या ग्रंथालयाची सर्वांनी मान्य केलेली प्रत साधारणपणे एकच, आणि बाकीच्यांनी तिच्याशी जुळवून घ्यायचे. त्यातून पायथन ही वितरणांच्या घरातली नुसती भाडेकरू नव्हती. घराची डागडुजीच ती करी. रेड हॅटचा ‘अ‍ॅनाकोंडा’ हा प्रतिष्ठापक पायथनमध्ये लिहिलेला. पॅकेजे आणणारा, बदलणारा, काढणारा ‘यम’ हाही पायथनमध्येच. ड्यूक विद्यापीठात सेथ विडाल आणि सहकाऱ्यांनी तो घडवला. (मराठी कानाला या नावाची गंमत वाटल्यावाचून राहत नाही.) रेड हॅटच्या उद्योगांसाठीच्या वितरणात २००७ साली पायथन २.४ होती, २०१० साली २.६, २०१४ साली २.७, आणि त्यातले प्रत्येक वितरण दहा-दहा वर्षे चालवण्याचे वचन होते. अशा यंत्रावर कोणी हौसेने मूळ पायथन काढून नवी बसवली, की पहिला बळी यमाचाच जाई. रोग्याबरोबर वैद्यही दगावे, कारण बिघाड दुरुस्त करणारे हत्यार बिघडलेल्या भाषेतच लिहिलेले.

पुण्याला हा पेच नुसता ऐकून ठाऊक नव्हता. येथील रेड हॅटच्या कचेरीत भारतीय भाषांच्या स्थानिकीकरणाचे काम चाले आणि ‘लोहित’ या मुक्त टंकमालिकेशी तिचा निकटचा संबंध होता. २०११ साली ‘पायकॉन इंडिया’ ही पायथनची परिषद पुण्यात भरली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात फेडोरावाल्यांचा मेळावा अभियांत्रिकी महाविद्यालयात, म्हणजे सीओईपीत झाला. तेव्हा दुसरी आणि तिसरी पिढी यांचा संसार ऐन भांडणात होता. आदल्या वर्षी आर्च लिनक्सने ‘पायथन’ या साध्या नावाचा अर्थ ‘पायथन ३’ असा करून टाकला होता. इतर वितरणांत त्याच नावाचा अर्थ ‘पायथन २’. एकच आज्ञा, दोन अर्थ. २०११ मध्ये एका ‘पेप’ने (पायथनच्या सुधारणा-प्रस्तावांना पेप म्हणतात) यावर तोडगा काढला, तो असा की संदिग्ध नावावर विसंबू नका, २ किंवा ३ स्पष्ट म्हणा.

दुसऱ्या पिढीला निरोप देण्याचे वर्ष आधी २०१५ ठरले होते. २०१४ मध्ये ते २०२० वर ढकलले गेले. या वाढीव मुदतीत वितरणांनी आपले अंतरंग हळूहळू बदलले. फेडोराच्या २०१५ मधील २२ व्या आवृत्तीत यमाच्या जागी ‘डीएनएफ’ आला. २०१९ मध्ये रेड हॅटने उद्योगांसाठीच्या ८ व्या आवृत्तीत एक विलक्षण युक्ती योजली : यंत्रणेच्या स्वतःच्या वापराची पायथन आतल्या कप्प्यात वेगळी ठेवली आणि वापरणाऱ्याची पायथन वेगळी केली. गर्भगृहातली मूर्ती वेगळी आणि उत्सवमूर्ती वेगळी, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. २.७ ची शेवटची आवृत्ती, २.७.१८, एप्रिल २०२० मध्ये निघाली. डेबियनच्या १२ व्या आवृत्तीतून ती पिढी पुरती गेली.

ही सारी शहाणीव आम्हांला नंतर आली. २०२० च्या टाळेबंदीत आमच्याकडे उबुंटूचे १८.०४ हे वितरण होते, त्यात ३.६. एका सहकाऱ्याने आपल्या घरी ३.८ वर आज्ञावली लिहून पाठवली, ती आमच्या यंत्रावर चालेना. आम्ही ३.८ घातली, येथवर ठीक होते. पण ‘पायथन ३’ हे नाव ज्या दुव्याने ३.६ कडे जात होते, तो दुवाच आम्ही ३.८ कडे वळवला. दुसऱ्या दिवशी टर्मिनल उघडेना. टिचकी मारावी, क्षणभर चक्र फिरावे, आणि काही नाही. कारण नंतर कळले : त्या वितरणात टर्मिनल सुरू करणारी लहानशी फाईलही पायथनचीच, आणि तिला लागणारा जोडभाग फक्त ३.६ साठी बांधलेला. नवी पॅकेजे आणणारी यंत्रणाही त्याच कारणाने रुसली. शेवटी शेजारच्या इमारतीतल्या अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याने फोनवरून कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ या कळा एकदम दाबायला सांगितल्या. काळा पडदा आला, आणि तो सांगेल तसे एकेक अक्षर टंकून दुवा पूर्ववत केला. “सर, सिस्टिमची पायथन आपली नसते,” एवढेच तो म्हणाला.

आपली नसते, तर मग आपली कोठे ठेवायची? याचे उत्तर २००७ सालच्या ‘व्हर्च्युअलएन्व्ह’पासून तयार होते आणि २०१२ च्या ३.३ या आवृत्तीपासून ते ‘व्हेन्व्ह’ नावाने पायथनच्या अंगातच आहे. एक फोल्डर करायचे. त्यात मूळ पायथनकडे जाणारा दुवा असतो आणि पॅकेजांसाठी स्वतःचे रिकामे फडताळ. ‘पिप’ने जे आणायचे ते त्या फडताळात. वितरणाची प्रत अस्पर्श राहते, आणि काम बिघडले तर फोल्डर पुसून नवे करता येते. (डेबियन-उबुंटूवर यासाठी एक पॅकेज आधी निराळे मागून घ्यावे लागते, हे पहिल्या दिवशी कोणीच सांगत नाही.) २०२२ मध्ये मान्य झालेल्या ६६८ क्रमांकाच्या पेपने हा शिरस्ता नियमात बसवला. वितरणाच्या पायथनशेजारी एक खूणफाईल ठेवलेली असते. ती दिसली की पिप तेथे काही घालायला नकार देतो. उबुंटूने २३.०४ पासून आणि डेबियनने १२ पासून तो अमलात आणला. त्यातून सुटायला जो पर्याय ठेवला आहे त्याचे नाव ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ असे आहे. पाप करायचे तर त्याचा उच्चार करून करा, असा हा न्याय.

या नियमावर संगणकाच्या जगात बरीच नाराजी उमटली. आम्हांला मात्र पैठण आठवले. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि यापुढे कोणी त्यात आपली ओवी घालू नये असे बजावले. तीनशे वर्षांत वाचणाऱ्या-उतरवणाऱ्यांनी सद्भावनेनेच ग्रंथात भर घातली होती, आणि त्यामुळेच मूळ कोणते हे कळेनासे झाले होते. बंदी मूळ प्रतीत ओवी घालण्यावर होती, नवी ओवी रचण्यावर नव्हे. नाथांनी स्वतः भागवतावर हजारो ओव्या लिहिल्या, पण त्या वेगळ्या ग्रंथात, १५७३ साली काशीत पुऱ्या केल्या. एका बांधणीत दोघांचे लेखन मिसळायचे नाही, इतकाच दंडक. दृष्टान्त फार ताणू नये हे खरे. पिपने आणलेले पॅकेज क्षेपक नसते आणि वितरणाची प्रतही कोणा एका कर्त्याची नसते.

आता पुन्हा मोजणीकडे. मजकुरातून शब्द वेगळे काढण्याची पायथनची अंगभूत सोय आजही काना-मात्रांना शब्दाचा भाग मानत नाही. ‘मराठी’ हा शब्द तिच्या हाती दिला की ती ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे परत करते. (पहिल्या तुकड्यावर आम्ही भाष्य करू इच्छित नाही.) ‘रेगेक्स’ नावाचे बाहेरचे पॅकेज घेतले, की शब्द अखंड राहतो. म्हणजे मराठीच्या बाबतीत पॅकेज ही चैन नसून शब्द शाबूत राहण्याची अट आहे.

अक्षरांचे आणखी बारीक. ‘ज्ञानेश्वरी’ या शब्दात युनिकोडची ११ चिन्हे आहेत, बाइट ३३. चिन्हांचे अक्षरगट करणाऱ्या नियमांत जोडाक्षर पूर्वी हलन्तापाशी तुटत असे, म्हणून गट होत ६. सप्टेंबर २०२३ मधील युनिकोड १५.१ ने देवनागरीसह काही भारतीय लिप्यांसाठी जोडाक्षर एकत्र धरण्याचा नियम घातला. त्याप्रमाणे गट होतात ४, आणि हेच अभंगाच्या छंदाला हवे. पण हा नियम ज्या पॅकेजात उतरला तेच पॅकेज ४ म्हणते. जुने ६ वर ठाम असते. आमच्याच दोन यंत्रांवर एका अभंगाची दोन निराळी मोजमापे आली, तेव्हा पहिल्यांदा आम्ही पाठभेद शोधू लागलो. भेद अभंगात नव्हता, मोजणाऱ्या आवृत्तीत होता. पायथनच्या प्रत्येक आवृत्तीच्या पोटात युनिकोडचीही एक ठरावीक आवृत्ती असते : २.७ मध्ये ५.२, ३.१२ मध्ये १५.०, ३.१३ मध्ये १५.१. तेव्हापासून आमच्या प्रत्येक कोष्टकाच्या माथ्यावर गाथेची कोणती प्रत हे लिहितो तसे वितरण, पायथन, युनिकोड आणि प्रत्येक पॅकेज यांचे क्रमांकही लिहितो.

एक गोष्ट तरीही उरली आहे. ‘मऱ्हाटी’ हा शब्द संगणकावर दोन प्रकारे साठवला जातो : एकात खास ‘ऱ’ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पायथनला एक ७ चिन्हांचा वाटतो, दुसरा ८ चिन्हांचा, आणि युनिकोडचे प्रमाणीकरण त्यांना एक मानीत नाही. आमच्या शब्दसूचीत ‘मऱ्हाटी’ अजून दोन ठिकाणी आहे, आणि त्या दोन नोंदी हातानेच एकत्र आणायच्या राहिल्या आहेत.