कुस्ती संघटना, महाराष्ट्रातील : पदाधिकारी आणि आखाडे

महाराष्ट्रातील कुस्तीचा कारभार पाहणाऱ्या संस्था. हे अनेकवचन २०२२ पासूनचे. त्याआधी नुसते 'परिषद' म्हटले की सारे कळत असे. मामासाहेब मोहोळांच्या पुढाकाराने उभी राहिलेली महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद १९६१ पासून 'महाराष्ट्र केसरी' किताबाची स्पर्धा भरवत आली. औरंगाबादेत झालेल्या पहिल्या स्पर्धेत दिनकर दह्यारी जिंकले. आता परिषदेच्या शेजारी 'महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर संघ' उभा आहे. दोघेही आपलाच किताब खरा म्हणतात आणि दोघांचीही गदा चांदीचीच असते.

रचना. उतरंड अशी : गावातला आखाडा, त्यावर जिल्ह्याची किंवा शहराची संघटना, त्यावर राज्य, राज्यावर भारतीय कुस्ती महासंघ आणि सर्वांत वर युनायटेड वर्ल्ड रेसलिंग ही जागतिक संस्था. महासंघाच्या निवडणुकीत प्रत्येक मान्यताप्राप्त राज्य संघटनेला दोन मते असतात. राज्याची कार्यकारिणी जिल्ह्यांचे प्रतिनिधी निवडतात. मल्ल जिथे घडतो त्या आखाड्याला या उतरंडीत मत नाही. त्यामुळे ज्याच्या हाती जिल्हा सचिव, त्याच्या हाती राज्य, हा हिशेब सगळ्या पक्षांच्या पुढाऱ्यांना फार लवकर कळला. शरद पवार दीर्घकाळ परिषदेचे अध्यक्ष होते आणि बाळासाहेब लांडगे तितकेच दीर्घकाळ सरचिटणीस.

नागपूर आणि विदर्भ. क्रिकेटमध्ये विदर्भाची संघटना वेगळी आहे, कबड्डीतही विदर्भाचा संघ राष्ट्रीय स्पर्धेत स्वतंत्र उतरतो. कुस्तीत मात्र एका राज्याला एकच मान्यताप्राप्त संघटना. परिणामी नागपूर, वर्धा, अमरावतीच्या मल्लाला पुणे-कोल्हापूरच्या तालमींशी झुंजून राज्याच्या संघात शिरावे लागते. बोलीतही फरक आहे. तिकडे तालीम आणि मैदान, विदर्भात आखाडा आणि दंगल. नागपंचमीला, पोळ्याच्या आगेमागे, गावच्या जत्रेत 'आम दंगल' लागते. हौद खणून माती भुसभुशीत करतात, तीत हळद, ताक, तेल, लिंबू मुरवतात. गावकरी वर्गणी काढतात. जोड लावताना मल्लाचे गाव आणि वस्तादाचे नाव पुकारले जाते. तो कोणत्या संघटनेचा, हे कोणी विचारत नाही. इनामाची रक्कम लहान असते, पण निकाल तिथल्या तिथे लागतो आणि त्याविरुद्ध कोणी न्यायालयात जात नाही. महाराष्ट्र केसरीचा फड विदर्भात अनेकदा रंगला : १९६४ साली अमरावतीत, १९६७ साली खामगावात, आणि २०१५ च्या किताबाची लढत नागपुरात झाली. ती विजय चौधरींनी जिंकली. सलग तीन किताबांतला तो त्यांचा दुसरा.

फूट. २०२२ च्या मध्यास महासंघाने, आपल्या सूचना पाळल्या नाहीत असे कारण देत, परिषदेची कार्यकारिणी बरखास्त केली. महासंघाचे अध्यक्ष तेव्हा भाजपचे खासदार ब्रिजभूषण शरण सिंह होते. नव्या निवडणुकीत वर्ध्याचे तेव्हाचे भाजप खासदार रामदास तडस अध्यक्ष झाले. तडस देवळीचे; राजकारणात येण्यापूर्वी आखाड्यात घाम गाळलेले, विदर्भ केसरी. राज्याच्या कुस्तीची सूत्रे विदर्भाकडे आली ती मातीतून आलेल्या माणसाच्या हातून, हे खरे. पण ती आली दिल्लीच्या एका आदेशाने, हेही तितकेच खरे. परिषदेने ही बरखास्ती मानली नाही आणि प्रकरण न्यायालयात गेले.

नोव्हेंबर २०२३ मध्ये महिनाभरात दोन महाराष्ट्र केसरी झाले. फुलगावला तडसांच्या संघाच्या स्पर्धेत सिकंदर शेखने शिवराज राक्षेला हरवले. धाराशिवला परिषदेच्या स्पर्धेत तोच राक्षे केसरी झाला. २०२५ मध्ये पुन्हा तेच : अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ, कर्जतला वेताळ शेळके. अहिल्यानगरला निकाल न मानता राक्षेने पंचाला लाथ मारली, महेंद्र गायकवाड लढत सोडून गेला. दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. पंचाला मारणे अक्षम्यच आहे. मात्र निकालाविरुद्ध दाद मागायची कोणाकडे, हा प्रश्न त्या गोंधळात बाजूला पडला.

राष्ट्रीय पातळीवर. जानेवारी २०२३ मध्ये विनेश फोगाट, साक्षी मलिक, बजरंग पुनिया दिल्लीत जंतरमंतरवर धरणे धरून बसले. महिला मल्लांनी ब्रिजभूषण यांच्यावर लैंगिक छळाचे आरोप केले होते. ब्रिजभूषण यांनी ते नाकारले. महासंघाची निवडणूक लांबत गेली, तेव्हा ऑगस्टमध्ये जागतिक संस्थेने महासंघाला निलंबित केले. २१ डिसेंबर २०२३ रोजी मतदान झाले : ब्रिजभूषण यांच्या निकटचे मानले जाणारे संजय सिंह ४०, आंदोलक मल्लांचा पाठिंबा असलेल्या अनिता श्योराण ७. रस्त्यावरचा पाठिंबा आणि मतपेटी यांची गाठ कुठे पडत नाही, ते या दोन आकड्यांत दिसते. त्याच दिवशी साक्षीने कुस्ती सोडली. तीन दिवसांनी क्रीडा मंत्रालयाने नवी कार्यकारिणी निलंबित केली. तो निर्णय मार्च २०२५ मध्ये मागे घेतला गेला. या मतदानात महाराष्ट्र नव्हता. दोन्ही गटांचा दावा निवडणूक अधिकाऱ्यांनी अपात्र ठरवला होता. खाशाबा जाधवांच्या राज्याला एकही मत नव्हते!

पूर्वपीठिका. खाशाबांची गोष्टही याच जातीची. १९५२ च्या ऑलिंपिकसाठी त्यांना आधी डावलले गेले. पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागून पुन्हा लढत झाली तेव्हा जागा मिळाली. प्रवासाला पैसे नव्हते. गोळेश्वर आणि आसपासच्या लोकांनी वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून ७,००० रुपये दिले. हेलसिंकीहून खाशाबा कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

मल्लावर परिणाम. राज्य शासनाच्या नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय उपसंचालकांच्या कार्यालयात होते. स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची होती का, हे तिथे पाहतात. म्हणून पोलीस भरतीच्या तयारीतला मल्ल निवड चाचणीला जाताना आधी संघटना पाहतो आणि मग जोड. संघटनांच्या कारभारासाठी ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर केला. राष्ट्रीय संघटनेच्या जास्तीत जास्त १५ जणांच्या कार्यकारिणीत किमान ४ महिला आणि २ गुणवंत खेळाडू असावेत, अशी त्यात तरतूद आहे. आखाडे चालवणाऱ्या वस्तादांसाठी तशी जागा त्यात नाही.