फिरत्या पात्याचा लढवय्या रोबो

बुलडाणा - सोयाबीनची सुगी सुरू झाली, की बुलडाणा जिल्ह्यातील शिवारांत मळणी यंत्रांची घरघर ऐकू येऊ लागते. या यंत्राच्या पोटात वेगाने फिरणारा लोखंडी ढोल असतो. त्यात साठलेली ऊर्जा शेंगा फोडते आणि बेसावध माणसाचा हातही ओढून घेते. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या रोबोयुद्धांत उतरणारा 'स्पिनर' रोबो नेमक्या याच तत्त्वावर चालतो. त्याची सामग्री महाग असते, असा समज आहे. प्रत्यक्षात शेगाव, मलकापूर किंवा चिखलीच्या विद्यार्थ्याला त्यातील बराच भाग गावातल्या गॅरेजमध्ये आणि भंगाराच्या दुकानात मिळू शकतो. मात्र काटकसर कुठे करावी आणि कुठे मुळीच करू नये, हे आधी ठाऊक हवे.

खेळाचा उगम

रोबोयुद्धाची पहिली मोठी स्पर्धा मार्क थॉर्प यांनी १९९४ मध्ये अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे भरविली. पुढच्याच वर्षी जेमी हायनमन यांचा 'ब्लेंडो' रिंगणात आला. त्याचे संपूर्ण कवचच गरगर फिरत असे. त्याने उडविलेले तुकडे रिंगणाबाहेर जाऊ लागल्याने त्याला पुढे लढू न देता सहविजेता ठरविण्यात आले. फिरत्या शस्त्राची ताकद आणि त्याचा धोका असे दोन्ही एकाच वेळी जगासमोर आले. १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये बीबीसीवर 'रोबोट वॉर्स' ही मालिका सुरू झाली. त्याच वर्षी मुंबईच्या आयआयटीत 'टेकफेस्ट' महोत्सवाचा प्रारंभ झाला. या महोत्सवातील रोबोवॉर्स ही पुढे देशभरातील विद्यार्थ्यांच्या आकर्षणाची स्पर्धा ठरली. १९८३ मध्ये स्थापन झालेले शेगावचे श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय पवईच्या त्या रिंगणापासून सुमारे साडेपाचशे किलोमीटरवर आहे.

वजनाची वाटणी

आपल्याकडील महाविद्यालयीन स्पर्धांत ८, १५, ३० आणि ६० किलो असे गट प्रचलित आहेत. नवख्या संघाने ८ किलोपासून सुरुवात करणे शहाणपणाचे. ब्राझीलच्या 'रिओबॉट्झ' संघाने विनामूल्य उपलब्ध करून दिलेल्या मार्गदर्शक ग्रंथात वजनाच्या वाटणीचे एक सोपे सूत्र आहे. ३० टक्के वजन चाके व त्यांच्या मोटरींना, ३० टक्के शस्त्राला, २५ टक्के सांगाडा व चिलखताला आणि १५ टक्के बॅटरी व विद्युत भागांना द्यावे. म्हणजे ८ किलोच्या रोबोत शस्त्र, त्याची मोटर, दांडा आणि बेअरिंग हे सारे मिळून २ किलो ४०० ग्रॅममध्ये बसवावे लागते.

ऊर्जेचे गणित

फिरत्या पात्यातील ऊर्जा त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १ किलो वजनाची, ३० सेंटीमीटर लांबीची पट्टी मधोमध टांगून मिनिटाला ३ हजार वेळा फिरविली, तर तिच्यात सुमारे ३७० ज्यूल ऊर्जा साठते. वेग दुप्पट, म्हणजे ६ हजार फेऱ्या केला, की हाच आकडा चौपट होऊन १,४८० ज्यूलवर जातो. ८ किलोचा रोबो जवळजवळ १९ मीटर उंच उचलण्यास ही ऊर्जा पुरेशी आहे. पट्टीच्या टोकाचा वेग या वेळी ताशी ३४० किलोमीटरच्या घरात असतो. हेच वजन मध्यापेक्षा कडेला ठेवले, तर त्याच वेगात अधिक ऊर्जा साठते. १५ सेंटीमीटर त्रिज्येच्या कड्याच्या रूपात ते तिप्पट होते. कडबाकुट्टी यंत्राच्या चाकाची कड जड का असते, याचे उत्तर यातच आहे.

तथापि, नुसता वेग वाढवून भागत नाही. रोबो सेकंदाला २ मीटर वेगाने पुढे जात असेल आणि दोन दातांचे पाते मिनिटाला ६ हजार फेऱ्या घेत असेल, तर दोन दातांच्या दरम्यान रोबो फक्त १० मिलिमीटर पुढे सरकतो. दाताला त्याहून खोल घुसता येत नाही. वेग फार झाला, की दात प्रतिस्पर्ध्याच्या पत्र्यावर केवळ घासतो आणि ठिणग्या उडतात. एकच दात ठेवल्यास ही खोली दुप्पट होते. मात्र विरुद्ध बाजूला तेवढेच वजन देऊन समतोल साधावा लागतो. समतोल नसलेले पाते पहिल्या फेरीतच बेअरिंग खिळखिळे करते.

पट्टी, चकती की ढोल?

आडवी फिरणारी पट्टी बनविण्यास सर्वांत सोपी आणि लांब पल्ल्याची. पण धडक बसताच स्वतःचा रोबोही उलट दिशेने भिरकावला जातो. उभी चकती प्रतिस्पर्ध्याला वर उडविते आणि धक्का जमिनीत जिरविते. तिची अडचण वळताना जाणवते. भोवऱ्यासारख्या परिणामामुळे रोबोचे एक चाक उचलले जाते. अरुंद ढोल त्या मानाने आटोपशीर असतो.

साध्या लोखंडाची पट्टी एका धडकेत वाकते. ट्रकच्या निकामी झालेल्या पाट्याचे पोलाद स्प्रिंगचे असल्याने ते अधिक टिकते. जुन्या पाट्यात बारीक चिरा असू शकतात. त्यामुळे तो नीट तपासून घ्यावा. ग्राइंडरची घासण्याची चकती शस्त्र म्हणून कदापि वापरू नये. ती ठिसूळ असते आणि आघाताने फुटून तिचे तुकडे उडतात.

मोटर थेट शस्त्राला जोडू नये. मध्ये पट्टा ठेवावा. पिठाच्या गिरणीत दगड अडकला, की पट्टा घसरतो आणि मोटर वाचते. तीच युक्ती येथे उपयोगी पडते.

चाके आणि वीज

भंगारातील वायपरची मोटर स्वस्त मिळते, पण मिनिटाला सुमारे ६० फेऱ्याच घेते. १० सेंटीमीटर व्यासाच्या चाकाला ती सेकंदाला जेमतेम ३१ सेंटीमीटर वेग देईल. इतका मंद रोबो शस्त्र कितीही जबर असले तरी पराभूत होतो. सेकंदाला २ मीटर वेगासाठी मिनिटाला सुमारे ३८० फेऱ्या लागतात. तेवढ्या फेऱ्यांच्या गिअर असलेल्या 'जॉन्सन' मोटरी बाजारात मिळतात. मात्र ८ किलोचा भार ओढण्याइतका जोर असलेलीच मोटर निवडावी.

लिथियम पॉलिमर बॅटरी हलकी आणि जोरकस असते. तिच्या प्रत्येक सेलचा दाब भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो. त्यापुढे भरल्यास किंवा फुगलेली बॅटरी वापरल्यास आग लागू शकते. चार्जिंग करताना जवळ वाळूची बादली ठेवावी आणि तेथून हलू नये.

येथे काटकसर नको

मळणी यंत्रांमुळे होणाऱ्या अपघातांना आळा घालण्यासाठी केंद्र सरकारने १९८३ मध्ये धोकादायक यंत्रे नियमन कायदा केला. यंत्राच्या तोंडाशी सुरक्षित नाळके असावे, हा त्यामागील विचार होता. तोच विचार कार्यशाळेतही पाळला गेला पाहिजे. रिंगणाबाहेर असताना पात्याला लोखंडी खीळ घातलेली असावी. बाहेरून सहज ओढून काढता येईल असा वीजतोड दुवा असावा. रेडिओचा संदेश तुटताच शस्त्राची मोटर आपोआप बंद व्हावी. बंद केल्यावर पाते ६० सेकंदांच्या आत थांबावे, असा नियम अनेक स्पर्धांत असतो. चाचणी जाड पॉलिकार्बोनेटच्या भिंती असलेल्या बंदिस्त जागेतच करावी. व्हरांड्यात किंवा वसतिगृहाच्या खोलीत पाते फिरवून पाहण्याचा मोह टाळावा.

लढत साधारणतः ३ मिनिटांची असते. परीक्षक नुकसान, आक्रमकता आणि नियंत्रण पाहतात. त्यात हरलेला रोबो घरी नेऊन पुन्हा जोडता येतो. तुटलेल्या बोटाच्या बाबतीत तशी खात्री देता येत नाही, हे सुगीत मळणी यंत्रावर राबणाऱ्या शेतकऱ्यांच्या मुलांना वेगळे सांगायला नको.