क्लेरिकच्या हाती तलवार का नसते?

१/ ऑनलाइन रोल-प्लेइंग गेममध्ये सवंगड्यांच्या जखमा भरून काढणारा ‘क्लेरिक’ मला सर्वांत प्रिय. १९९९ च्या ‘एव्हरक्वेस्ट’मध्ये या धर्मगुरूला तलवार वर्ज्य होती, गदा, सोटा अशी बोथट शस्त्रेच त्याला चालत. हा नियम आला कुठून?

२/ गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मधून. १९७४ च्या या खेळात योद्धा, जादूगार आणि क्लेरिक हे तीनच वर्ग होते. क्लेरिकला धारदार शस्त्रांची मनाई होती.

३/ त्यामागे एक जुनी समजूत आहे: पाद्र्यांना रक्त सांडणे निषिद्ध, म्हणून ते रणांगणात सोटा वापरत. पुरावा म्हणून बायूच्या ११ व्या शतकातील भरतकामाकडे बोट दाखवले जाई. सुमारे ७० मीटर लांबीच्या या पटावर १०६६ ची हेस्टिंग्जची लढाई आहे आणि घोड्यावर सोटा उगारलेला बिशप ओडो आहे.

४/ परंतु त्याच पटावर ओडोचा सावत्र भाऊ विल्यम यानेही सोटा धरला आहे, आणि तो तर पाद्री नव्हता! ओडोवरील लॅटिन ओळ सांगते की तो तरुणांना धीर देत आहे. तेव्हा तो सोटा अधिकाराचे चिन्ह असण्याचीच शक्यता अधिक. शिवाय चर्चचे नियम पाद्र्यांनी शस्त्र धरण्यालाच विरोध करीत; बोथट शस्त्राची सवलत त्यांत नव्हती.

५/ कित्येक वर्षे मी हा नियम इतिहास समजून खेळत आलो. मित्रहो, एका चित्रावरून निष्कर्ष काढण्यापूर्वी त्याच्या शेजारचे चित्रही पाहावे.