अक्षरांची गावे आणि त्यांतले यंत्ररहिवासी

१/१३
सप्टेंबर १९९९. अमेरिकेतील एका संगणकावर वसलेल्या गावात नवा रहिवासी आला. त्या गावाला दगडविटांच्या भिंती नव्हत्या. ते केवळ अक्षरांनी बांधलेले होते. आणि आलेला रहिवासीही माणूस नव्हता. आज ‘एआय एजंट’ हा शब्द ज्याच्या त्याच्या तोंडी आहे. त्याचा पूर्वेतिहास अशा गावांत दडलेला आहे. #धागा

२/१३
आरंभ इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात झाला. १९७८ साली रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने ‘मड’ नावाचा खेळ लिहिला आणि रिचर्ड बार्टल याने तो पुढे वाढवला. पडद्यावर चित्र नसे. ‘तुम्ही एका अरुंद वाटेवर उभे आहात’ अशा धर्तीचे वर्णन उमटे. खेळाडू ‘उत्तर’ असे टंकित करी आणि पुढील जागी पोहोचे.

३/१३
यातील नवलाची गोष्ट म्हणजे सहवास. एकाच वेळी अनेक माणसे त्याच जागेत वावरत, बोलत, भांडत. एक जण निघून गेला तरी जग थांबत नसे. खेळ संपवून उठावे अशी ती गोष्ट उरली नाही. ते परतून येण्याचे ठिकाण झाले.

४/१३
१९८९ साली कार्नेगी मेलन विद्यापीठातील जेम्स अ‍ॅस्पनेस याने ‘टायनीमड’ उघडले. तेथे राक्षस मारून गुण मिळवण्यापेक्षा गप्पांना आणि बांधकामाला महत्त्व होते. कोणीही नवी खोली रचावी, नवी वस्तू निर्मावी. माणसांनी इतके बांधले की वर्षभराच्या आतच ते मूळ जग आवरते घ्यावे लागले. अक्षरांच्या गावालाही जागा लागते, हा पहिला धडा.

५/१३
याच जगात ‘जूलिया’ अवतरली. मायकेल मॉल्डिन याने रचलेला हा प्रोग्रॅम इतर खेळाडूंप्रमाणेच तेथे वावरे. ती खोल्यांचे नकाशे लक्षात ठेवी, वाट सांगे, निरोप पोहोचवी. मॉल्डिन याने १९९४ च्या शोधनिबंधात अशा प्रोग्रॅमना ‘चॅटरबॉट’ म्हटले. आजचा ‘चॅटबॉट’ हा शब्द त्याचाच वंशज.

६/१३
जूलियाला भाषा समजत नव्हती. ठरावीक शब्द ओळखून ती ठरावीक उत्तरे देई. तरीही काही जण तिला माणूस समजून तिच्याशी दीर्घकाळ बोलत राहिले. कारण उघड आहे. जेथे सर्वांचेच अस्तित्व अक्षरांपुरते असते, तेथे माणूस आणि यंत्र एकाच वेशात समोर येतात.

७/१३
आता ‘लॅम्डामू’ या गावाकडे वळू. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात पाव्हेल कर्टिस याने ते १९९० साली उभारले. त्याचा मूळ आराखडा कर्टिसच्या स्वतःच्या घरावर बेतलेला होता. सर्वाधिकार असलेल्या व्यवस्थापकांना तेथे ‘जादूगार’ म्हणत.

८/१३
भांडणे सोडवून थकलेल्या कर्टिसने १९९२ च्या अखेरीस जाहीर केले की, यापुढे जादूगार केवळ तांत्रिक कामे पाहतील. सामाजिक प्रश्न रहिवाशांनीच सोडवावेत. काही महिन्यांतच कसोटी आली. एका खेळाडूने प्रोग्रॅमच्या आधारे इतरांची पात्रे बळकावून, ती लैंगिक अत्याचारास बळी पडत असल्याची वर्णने सर्वांसमोर उमटवली.

९/१३
रहिवाशांची सभा भरली, वाद झाले, निर्णय झाला नाही. अखेर एका जादूगाराने एकट्याच्या जबाबदारीवर ते पात्र नष्ट केले. पत्रकार ज्युलियन डिबेल याने १९९३ साली ‘व्हिलेज व्हॉइस’मध्ये हा प्रसंग लिहिला आणि तो जगभर चर्चिला गेला. या प्रसंगानंतर कर्टिसने अर्ज आणि मतदान यांची व्यवस्था आणली.

१०/१३
‘गाव करी ते राव न करी’ अशी आपली म्हण आहे. पण १९९६ साली जादूगारांनी कबूल केले की, तांत्रिक आणि सामाजिक निर्णय वेगळे काढता येत नाहीत. गावाने मत दिले तरी संगणकाची कळ रावाच्याच हाती होती. कायमस्वरूपी जग चालवणाऱ्या कोणालाही हा पेच चुकलेला नाही.

११/१३
याच गावात १९९९ साली ‘कोबॉट’ आला. एटी अँड टी प्रयोगशाळेतील चार्ल्स इस्बेल, मायकेल कर्न्स आणि सहकाऱ्यांची ती निर्मिती. कोण कोणाशी किती बोलतो याची तो मोजदाद ठेवी आणि विचारल्यास सांगे. पुढे त्याला आपणहून बोलण्याची मुभा मिळाली. त्याचे वागणे रुचले तर रहिवासी बक्षीस देत, न रुचले तर शिक्षा.

१२/१३
५ महिन्यांत २५४ जणांनी ३,१७१ वेळा बक्षीस वा शिक्षा दिली आणि काहींच्या आवडीनिवडी कोबॉट खरोखर शिकला. मात्र नव्याचे नऊ दिवस सरले तशी बक्षिसे घटत गेली. यंत्र शिकत असताना शिकवणारी माणसेच कंटाळली. आज यंत्राला माणसांच्या पसंतीवरून वळण लावले जाते. त्याची एक छोटी रंगीत तालीम या गावात होऊन गेली होती.

१३/१३
२०२३ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ‘स्मॉलव्हिल’ हे २५ एजंटांचे गाव वसवले. चित्रे दिसत असली तरी एजंटांची स्मृती, चिंतन आणि बेत साध्या वाक्यांत लिहिलेले होते. एकीला मेजवानीची कल्पना सुचवली. बातमी गावभर पसरली, आमंत्रित १२ पैकी ५ जण आले. दोन दिवसांच्या त्या जीवनाचा खर्च हजारो डॉलर झाला.
लॅम्डामूत निदान तक्रार करणारी माणसे होती. ज्या गावात सारेच रहिवासी यंत्रे असतील, तेथे सभा कोण बोलावणार? तेथे जे घडेल त्याचे उत्तर, कळ ज्याच्या हाती आहे, त्यालाच द्यावे लागेल. गेल्या चार दशकांचा इतिहास आपल्याला एवढे तरी निश्चित सांगतो.
(समाप्त)