दंड पाहून गुरू?

पर्सनल ट्रेनर लावायचा विषय निघाला की एक सल्ला हमखास मिळतो : आधी त्याचे शरीर बघा. हे मत अडाण्यांचे नाही, हे प्रथमच मान्य करू. ज्याने स्वतः घाम गाळला त्याला मेहनतीची वाट ठाऊक असते. प्रमाणपत्र थोड्या दिवसांच्या वर्गातही पदरात पडते, दंड मात्र वर्षानुवर्षे घडवावा लागतो. शिवाय समोर कसलेला माणूस उभा असला की शिकणाऱ्याला हुरूप येतो. कागदाविषयीचा संशय आम्हालाही आहे. पण म्हणून शरीर हाच खरा दाखला, हा निष्कर्ष कोठून निघाला?

शरीर खोटे बोलत नाही, हे या मताचे मूळ गृहीतक. तेच तपासू. 1996 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये शालेंदर भसीन आणि सहकाऱ्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. 43 पुरुष, 10 आठवडे. काहींना दर आठवड्याला 600 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन, काहींना बिनऔषधी इंजेक्शन. दोहोंतले काही वजने उचलणारे, काही न उचलणारे. औषधाविना नेमाने व्यायाम करणाऱ्यांचे चरबीविरहित वजन सरासरी सुमारे 2 किलोने वाढले. वजनांना हातही न लावता टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांचे सुमारे 3 किलोने. दोन्ही करणाऱ्यांचे 6 किलोने. मग आरशासमोरच्या दंडात कष्टाचा वाटा किती आणि सुईचा किती, हे गिऱ्हाइकाने कसे ओळखावे? प्रत्येक पिळदार ट्रेनर सुई टोचून घेतो असा आमचा आरोप नाही; तो अन्याय होईल. प्रश्न पुराव्याचा आहे. मेहनतीनेही मिळतो आणि आडवाटेनेही मिळतो, तो दाखला कसला?

बरे, निखळ मेहनतीचेच शरीर धरू. ‘हेरिटेज’ या उत्तर अमेरिकेतील अभ्यासात बैठ्या सवयीच्या शेकडो लोकांकडून 20 आठवडे एकाच पद्धतीने सायकल मारून घेतली. प्राणवायू वापरण्याची क्षमता कोणाची जेमतेम हलली, कोणाची मिनिटाला लिटरभराहून अधिक वाढली. आणि हा फरक बराचसा कुटुंबागणिक होता. म्हणजे ट्रेनरच्या अंगाला जे लागले त्यात त्याच्या आईबापांचाही वाटा. ते श्रेय त्याच्या विद्येच्या खात्यावर का मांडावे?

येथे तालमीचे नाव पुढे येईल : वस्ताद स्वतः पैलवान असतोच ना? असतो. पण त्याची पत कशावरून ठरते? कोल्हापुरात आखाड्याच्या कडेला बसलेल्या, कान मोडलेल्या, पोट सुटलेल्या म्हाताऱ्या वस्तादाचे दंड कोणी मोजत नाही. त्याच्या पठ्ठ्यांनी कोणते मैदान मारले, हे विचारतात. क्रिकेटमध्ये सचिन तेंडुलकरचे गुरू रमाकांत आचरेकर तर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले. शरीर बघा म्हणणाऱ्यांची मोजपट्टी शिवाजी पार्कवर लावली असती, तर तेंडुलकरांच्या घरच्यांनी सचिनला दुसरीकडेच नेले असते.

हुरुपाचे म्हणाल, तर तो पहिल्या आठवड्यापुरता खरा.

शरीर बघून ट्रेनर निवडण्यातला खरा धोका मात्र वेगळाच आहे. 1985 साली कॅनडात मॅकडूगल आणि सहकाऱ्यांनी सराईत शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत नळी घालून, वजन उचलतानाचा रक्तदाब मोजला. दोन्ही पायांनी जड वजन ढकलताना तो सरासरी 320/250 पर्यंत चढला. श्वास कोंडून जोर लावणे हे त्याचे एक मोठे कारण. आता जिममध्ये डोळे उघडे ठेवून पाहा. बीपीची गोळी चालू असलेले पन्नाशीचे गृहस्थ गाल फुगवून स्क्वॉट मारत आहेत आणि ट्रेनर मोबाइलवर नजर ठेवून ‘अजून दोन, सर, अजून दोन’ म्हणतो आहे. दंड अठरा इंची असतील. त्या फुगलेल्या गालांकडे बघायला ते कोणत्या कामाचे?

तेव्हा तीन महिन्यांच्या पीटीचे पैसे आगाऊ भरण्याआधी एक तास मागून घ्यावा. वजनाला हात लावू देण्यापूर्वी तो रक्तदाब, साखरेच्या गोळ्या, जुनी दुखापत विचारतो का? कोणाची महिनोन्‌महिने ठेवलेली वही त्याच्याजवळ आहे का? गुडघा दुखतो म्हटल्यावर व्यायाम बदलतो, की ‘होईल सवय’ म्हणतो? आणि सगळ्यात आधी, त्याच्याच हाताखाली वर्षभर टिकलेल्या एखाद्या साठीच्या काकूंना गाठून, जिना आता कसा चढवतो ते विचारावे.