शालेय अभ्यासातील वातावरण : टी. नगरच्या हवेत काय शिकता येते?

पृथ्वीभोवती असलेल्या हवेच्या आवरणाला वातावरण म्हणतात. माध्यमिक शाळेच्या भूगोलात आणि विज्ञानात देशातील प्रत्येक विद्यार्थी हा विषय शिकतो. वायूंची टक्केवारी, तपांबर, स्थितांबर, मध्यांबर हे थर आणि त्यांची उंची बहुतेकांना पाठ असते. मात्र 'उद्या अतिमुसळधार पावसाचा इशारा' अशी बातमी आली, की तिचा नेमका अर्थ काय, हे त्याच विद्यार्थ्याला सांगता येईलच असे नाही. डिसेंबर २०१५ मध्ये आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये रस्तोरस्ती पाणी साचलेल्या चेन्नईसारख्या शहरात हा प्रश्न परीक्षेपुरता राहत नाही. शहराच्या मध्यवर्ती भागातील टी. नगर हे त्याचे बोलके उदाहरण आहे. पुस्तकातील वातावरण प्रत्यक्षात मोजून आणि पाहून कसे शिकवता येते, हेही याच परिसरात स्पष्ट होते.

तलावाच्या जागेवरील वसाहत

टी. नगर म्हणजे त्यागराय नगर. जस्टिस पक्षाचे नेते सर पी. त्यागराय चेट्टी यांचे नाव या वसाहतीला देण्यात आले. १९२० च्या दशकात 'लाँग टँक' या विस्तीर्ण तलावाचा भाग बुजवून ती वसविण्यात आली. आज पानगल पार्क, रंगनाथन स्ट्रीट आणि पाँडी बझार येथील साड्यांच्या व सोन्याच्या पेढ्यांमुळे हा भाग देशभर परिचित आहे.

वातावरणाच्या अभ्यासासाठी या भागाचे स्थान सोयीचे आहे. पूर्वेस सुमारे पाच किलोमीटरवर बंगालचा उपसागर आहे. उत्तरेस लागूनच नुंगमबाक्कम येथे हवामान खात्याचे प्रादेशिक केंद्र आहे. नैर्ऋत्येस आठ-नऊ किलोमीटरवर मीनमबाक्कमची वेधशाळा आहे. तामिळनाडूत २०१८ पासून लागू झालेल्या नववीच्या पुस्तकात शिलावरण, वातावरण, जलावरण आणि जीवावरण असे क्रमाने पाठ देण्यात आले. त्यांतील दुसऱ्या पाठाचा बराचसा भाग या तीन ठिकाणांच्या आधारे समजावता येतो.

हवेला वजन असते

वातावरणाच्या पाठातील पहिली अडचण हवा दिसत नाही, ही असते. न दिसणाऱ्या वस्तूला वजन नसते, असा अनेक मुलांचा समज असतो. तो दूर करण्यासाठी वर्गखोलीच पुरेशी आहे. आठ मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि साडेतीन मीटर उंच खोलीत १६८ घनमीटर हवा मावते. एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२ किलो धरल्यास त्या खोलीतील हवा २०० किलोच्या आसपास भरते.

समुद्रसपाटीवर वातावरणाचा सरासरी दाब १०१३.२५ हेक्टोपास्कल मानला जातो. याचा अर्थ, दर चौरस मीटरवर सुमारे दहा टन वजनाचा हवेचा स्तंभ उभा असतो. हा दाब सर्व बाजूंनी सारखा असतो आणि शरीराच्या आतूनही तेवढाच दाब असतो. त्यामुळे तो जाणवत नाही. काठोकाठ भरलेल्या पेल्यावर पुठ्ठा ठेवून पेला उलटा केला तरी पाणी सांडत नाही, ते याच दाबामुळे. शीतपेयाच्या नळीतून पेय वर चढते तेही तोंडाच्या 'ओढण्याने' नव्हे, तर बाहेरील हवेच्या ढकलण्याने. म्हणूनच नळी दहा मीटरहून उंच असेल, तर कितीही जोर लावला तरी पाणी तोंडापर्यंत येत नाही. टाकाऊ वस्तूंतून असे प्रयोग करण्याची परंपरा महाराष्ट्रातही आहे. पुण्यातील 'आयुका' संस्थेच्या विज्ञान केंद्रातून अरविंद गुप्ता यांनी ती अनेक शाळांपर्यंत पोहोचवली.

अनेक स्मार्टफोनमध्ये आज वायुदाबमापक बसविलेला असतो. समुद्रसपाटीजवळ आठ ते नऊ मीटर वर गेल्यास दाब सुमारे एक हेक्टोपास्कलने घटतो. टी. नगरमधील बहुमजली दुकानाच्या तळमजल्यावर आणि शेवटच्या मजल्यावर दाबाची नोंद घेतल्यास त्या इमारतीची उंची काढता येते. उंचीनुसार हवा विरळ होते, हे वाक्य अशा एका नोंदीने सिद्ध होते.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. पाण्यात उभ्या केलेल्या मेणबत्तीवर पेला पालथा घालण्याचा प्रयोग अनेक शाळांत केला जातो. पाणी पेल्यात जितके चढले, तितका प्राणवायू जळाला, असे सांगितले जाते. हे स्पष्टीकरण चुकीचे आहे. ज्योत विझते तेव्हाही पेल्यात प्राणवायू शिल्लक असतो. तापलेली हवा थंड होऊन आकसते, हे पाणी चढण्याचे प्रमुख कारण आहे. हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो, हे खरे असले तरी या प्रयोगाने ते सिद्ध होत नाही.

तोफांचा आवाज आणि तापमान

नुंगमबाक्कमची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात, १७९२ मध्ये उभी राहिली. तेथील हवामानाच्या नोंदी १७९६ पासून आढळतात. खगोलशास्त्राचे काम १८९९ मध्ये कोडाईकनालला हलविण्यात आले. हवामानाचे काम मात्र नुंगमबाक्कम येथेच सुरू राहिले.

या वेधशाळेचे प्रमुख जॉन गोल्डिंगहॅम यांनी हवेतील ध्वनीचा वेग मोजला. त्याचे निष्कर्ष १८२३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. फोर्ट सेंट जॉर्ज किल्ल्यावर आणि सेंट थॉमस माउंट या टेकडीवर ठरावीक वेळी तोफा डागल्या जात. तोफेचा प्रकाश दिसण्याची आणि आवाज ऐकू येण्याची वेळ यांतील अंतर वेधशाळेत नोंदवले जाई. सोबत तापमान, आर्द्रता आणि वारा यांच्याही नोंदी घेतल्या जात. महिन्यागणिक ध्वनीचा वेग बदलतो, असे त्यातून दिसून आले.

सेंट थॉमस माउंट आणि नुंगमबाक्कम यांना जोडणारी सरळ रेषा आजच्या टी. नगर परिसराजवळून जाते. हे अंतर सुमारे नऊ किलोमीटर आहे. सुमारे २७ अंश सेल्सिअस तापमानात ध्वनी सेकंदाला ३४७ मीटर जातो. म्हणजे तोफेचा आवाज पोहोचण्यास सुमारे २६ सेकंद लागत. तापमान एक अंशाने वाढल्यास ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. हेच गणित वीज चमकताना उपयोगी पडते. चमक आणि गडगडाट यांत तीन सेकंदांचे अंतर असेल, तर वीज सुमारे एक किलोमीटरवर असते आणि उघड्यावर थांबणे धोक्याचे ठरते.

थरांचे चित्र आणि आकाशात जाणारा फुगा

पुस्तकातील थरांच्या आकृतीत रेषा सरळ आणि ठळक असतात. प्रत्यक्षात त्यांची उंची अक्षांशानुसार आणि ऋतूनुसार बदलते. ध्रुवांजवळ तपांबर आठ-नऊ किलोमीटरवर संपते, तर चेन्नईवर ते सोळा-सतरा किलोमीटरपर्यंत असते. तपांबरात दर किलोमीटरला तापमान सरासरी ६.५ अंशांनी घटते. सुमारे २१०० मीटर उंचीवरील कोडाईकनाल मैदानापेक्षा तेरा-चौदा अंशांनी थंड असते, त्याचे हेच कारण आहे.

यातून विद्यार्थ्यांना चकित करणारी एक गोष्ट निष्पन्न होते. उष्ण प्रदेशात तपांबर अधिक उंच असल्याने तापमानाची घट अधिक उंचीपर्यंत चालू राहते. परिणामी चेन्नईवरील तपस्तब्धी उणे ८० अंशांच्या आसपास असते आणि ती ध्रुवांवरील तपस्तब्धीपेक्षाही थंड असते.

ही माहिती फुग्यांमुळे मिळते. फ्रान्सचे तेसराँ द बोर यांनी उपकरणे बांधलेले फुगे सोडून १९०२ मध्ये स्थितांबराचे अस्तित्व जाहीर केले. मीनमबाक्कम येथून आजही असे फुगे सोडले जातात. जगभरच्या केंद्रांप्रमाणे भारतीय वेळेनुसार पहाटे साडेपाच आणि सायंकाळी साडेपाच या त्यांच्या प्रमाण वेळा आहेत. फुग्याला बांधलेले उपकरण तापमान, आर्द्रता आणि दाब यांची माहिती रेडिओद्वारे पाठवते. हे आकडे सर्वांसाठी खुले असतात. वर्गात त्यांचा आलेख काढल्यास तपांबर कोठे संपते, हे विद्यार्थी स्वतः शोधू शकतात.

स्थितांबराचा विषय निघाला, की ओझोनच्या थराची हानी आणि जागतिक तापमानवाढ यांची गल्लत होते. या दोन वेगळ्या घटना आहेत. ओझोनचा थर प्रामुख्याने क्लोरोफ्लुओरोकार्बनमुळे विरळ झाला आणि त्यावर १९८७ च्या माँट्रियल कराराने नियंत्रण आणले. तापमानवाढीचे मुख्य कारण कार्बन डायऑक्साइडसारखे उष्णता धरून ठेवणारे वायू आहेत. हवाईतील मौना लोआ येथे १९५८ मध्ये मोजणी सुरू झाली, तेव्हा कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग होते. २०२४ मध्ये ते ४२० च्या पुढे गेले होते.

खारे वारे आणि ईशान्य मान्सून

दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते आणि समुद्राकडून खारे वारे येतात. रात्री जमिनीकडून मतलई वारे वाहतात. मे-जूनमध्ये चेन्नईचे दुपारचे तापमान किती चढेल, हे बहुतांशी खारे वारे केव्हा पोहोचतात यावर ठरते. पश्चिमेकडील उष्ण वारे जोरात असतील, तर त्यांना उशीर होतो आणि पारा चढत राहतो. छतावर टांगलेली फीत आणि तापमापक यांच्या नोंदीतून हा बदल दुपारच्या सुटीत टिपता येतो.

पावसाचे वेळापत्रकही महाराष्ट्रापेक्षा निराळे आहे. मुंबईत जून ते सप्टेंबर हा पावसाळा, तर चेन्नईत ऑक्टोबर ते डिसेंबर. वर्षभरातील सुमारे १४०० मिलिमीटरपैकी निम्म्याहून अधिक पाऊस याच तीन महिन्यांत पडतो. नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्री ओलांडून येताना बहुतांश बाष्प गमावतात. ईशान्येकडील वारे मात्र बंगालच्या उपसागरावरून बाष्प घेऊन किनाऱ्यावर धडकतात. कमी दाबाची क्षेत्रे आणि चक्रीवादळेही याच काळात येतात. 'मिचौंग' चक्रीवादळ डिसेंबर २०२३ मध्ये चेन्नईजवळून आंध्र प्रदेशाकडे सरकले, तेव्हा ते किनाऱ्यावर येण्यापूर्वीच शहरात पूर आला होता.

वायुदाब घटला म्हणजे वादळ आले, असा निष्कर्षही घाईचा ठरतो. उष्ण कटिबंधात वायुदाब रोज सकाळी व रात्री दहाच्या सुमारास वाढतो आणि पहाटे व दुपारी चारच्या सुमारास उतरतो. सूर्याच्या उष्णतेमुळे वातावरणात उठणाऱ्या लाटांचा हा परिणाम असतो. हा नित्याचा चढउतार ओळखता आला, तरच वादळापूर्वीची घट वेगळी काढता येते.

भोगीचा धूर

महाराष्ट्रात भोगी म्हणजे मिसळीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी. तामिळनाडूत पोंगलच्या आदल्या दिवशी येणाऱ्या भोगीला पहाटे जुन्या वस्तू जाळण्याची प्रथा आहे. जानेवारी २०१८ मध्ये त्या पहाटेच्या धुराने आणि धुक्याने चेन्नई विमानतळावरील वाहतूक विस्कळीत झाली होती.

यामागे तापमानाची विपरीतता असते. हिवाळ्यातील शांत रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते. थंड हवा जड असल्याने वर जात नाही आणि धूर खालीच कोंडतो. सूर्य वर आल्यावर जमीन तापते आणि हे झाकण उघडते. देशात २००९ पासून लागू असलेल्या मानकानुसार २.५ मायक्रोमीटरपर्यंतच्या सूक्ष्म कणांचे चोवीस तासांचे सरासरी प्रमाण घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावे. भोगीच्या पहाटेचे आणि दुपारचे आकडे शेजारी ठेवल्यास पुस्तकातील 'विपरीतता' हा शब्द विद्यार्थ्यांच्या लक्षात राहतो.

मिलिमीटरचा अर्थ

हवामान खात्याच्या वर्गीकरणानुसार चोवीस तासांतील ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस जोरदार, ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर अतिजोरदार आणि त्याहून अधिक पाऊस अत्यंत जोरदार मानला जातो. इशाऱ्यांसाठी हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल हे रंग वापरले जातात.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर २०५ मिलिमीटर पाऊस पडल्यास २० हजार ५०० लिटर पाणी जमा होते. हे दहा हजार लिटरच्या दोन टँकरहून अधिक आहे. डिसेंबर २०१५ मध्ये शहरालगतच्या तांबरम येथे एका दिवसात सुमारे ४९० मिलिमीटर पाऊस झाला होता. टी. नगरसारखा भाग मुळात तलावाच्या तळाशी आहे, हे लक्षात घेतल्यास गच्च्यांवरून आणि रस्त्यांवरून वाहणारे पाणी तेथे का साचते, हे सांगण्यासाठी वेगळा पाठ लागत नाही.

हाच गुणाकार उन्हाळ्यातही करता येतो. तामिळनाडूत २००३ मध्ये इमारतींना पर्जन्यजल संकलन सक्तीचे करण्यात आले, तरी २०१९ च्या उन्हाळ्यात चेन्नईचे मोठे जलाशय जवळपास कोरडे पडले आणि टँकरसमोर रांगा लागल्या.

शाळेतील नोंदवही

अशा अध्यापनाला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. कमाल-किमान तापमापक, पर्जन्यमापक, वाऱ्याची दिशा दाखवणारी फीत आणि एक नोंदवही एवढी सामग्री पुरेशी आहे. १९९५ मध्ये सुरू झालेल्या 'ग्लोब' या आंतरराष्ट्रीय शालेय उपक्रमात विद्यार्थ्यांनी माध्यान्हीच्या सुमारास तापमान, पाऊस आणि ढगांच्या नोंदी घ्याव्यात, अशी पद्धत आहे. भारत २००० मध्ये त्यात सहभागी झाला.

नोंदी रोज एकाच वेळी, एकाच जागी आणि सावलीत घेणे महत्त्वाचे आहे. वर्षभराची वही पूर्ण झाल्यावर ती नुंगमबाक्कमच्या अधिकृत आकड्यांशी ताडून पाहता येते. दोन्हींत फरक आढळल्यास तो चूक म्हणून खोडण्याऐवजी त्याचे कारण शोधणे अधिक उपयुक्त ठरते. काँक्रीट, झाडे, उंच इमारती आणि समुद्रापासूनचे अंतर यांमुळे एकाच शहरातील हवा गल्लोगल्ली बदलते. उष्णतेचा किंवा पावसाचा इशारा संपूर्ण जिल्ह्यासाठी दिलेला असतो. आपल्या घराला आणि शाळेला तो कितपत लागू पडतो, याचा अंदाज अशा नोंदींची सवय असलेल्या विद्यार्थ्याला बांधता येतो.