दोन कान, दोन तारा : इयरफोन पारखण्याचा इतिहास

'गेमिंगसाठी कोणता इयरफोन घ्यावा आणि गाण्यासाठी कोणता?' हा प्रश्न आता घरोघरी ऐकू येतो. दुकानातल्या खोक्यांवर उत्तरं छापलेलीच असतात. एकावर 'गेमिंग', दुसऱ्यावर 'एक्स्ट्रा बास', तिसऱ्यावर 'स्टुडिओ'. आज आपण त्या छापील शब्दांच्या मागे जाऊ. कानात घालायचा वायरचा इयरफोन पारखायला माणूस कसा शिकला आणि त्यातलं आपल्या उपयोगाचं काय, हे पाहू.

सुरुवात पॅरिसला होते. १८८१ साली तिथे विजेचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं होतं. क्लेमाँ आदेर या अभियंत्यानं ऑपेराच्या रंगमंचावर, पुढच्या कडेला, टेलिफोनचे ट्रान्समीटर मांडले. तिथून तारा शहराच्या भुयारी गटारांतून प्रदर्शनाच्या इमारतीत आणल्या. श्रोत्याला दोन रिसीव्हर मिळत, प्रत्येक कानाला एक, आणि दोघांच्या तारा रंगमंचावरच्या वेगवेगळ्या ट्रान्समीटरना जोडलेल्या. दोन्ही कानांना लावले की गाणं तर ऐकू येईच, पण गायक एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेला तर तेही कळे. आज गेम खेळणारी मुलगी 'पावलं डावीकडून येतायत' म्हणते, तो अनुभव इतका जुना आहे. गाणं आणि दिशा, दोन्ही एकाच जोडीतून आली.

हे कसं घडतं? १९०७ साली लॉर्ड रॅले यांनी त्याची मांडणी केली. डावीकडचा आवाज डाव्या कानाला आधी पोचतो. हा फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही थोडा कमी असतो, तरी खालच्या पट्टीतल्या आवाजांसाठी मेंदू तो पकडतो. वरच्या पट्टीतले आवाज डोकं अडवतं, म्हणून पलीकडच्या कानाला ते कमी ऐकू येतात. आजच्या गेममध्ये हा सगळा हिशेब सॉफ्टवेअर करतं आणि वायरीतून शेवटी दोनच चॅनल पाठवतं, डावा नि उजवा. मग खोक्यावर '७.१' लिहिलेलं असो वा नसो, इयरफोनचं काम एवढंच, की दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या वाजाव्यात. याची परीक्षा फुकट होते. फोनच्या सेटिंगमध्ये 'मोनो' चालू करून कुणाचं तरी साधं बोलणं ऐका. आवाज डोक्याच्या मधोमध यायला हवा. एका बाजूला कलला तर आधी इयरफोनची डावी-उजवी बाजू अदलाबदल करून पाहा. कलही बदलला तर दोष इयरफोनचा. तसाच राहिला तर कान साफ आहेत का, नीट ऐकू येतंय का, हे डॉक्टरांना दाखवा.

आता कानाच्या आत शिरू. १८९१ साली अर्नेस्त मर्काद्ये या फ्रेंच अभियंत्यानं कानात बसणाऱ्या रिसीव्हरच्या जोडीचं पेटंट घेतलं. वजन ५० ग्रॅमच्या आसपास, आणि कानाला टोचू नये म्हणून रबराचं आवरण. म्हणजे रबरी टिप आपल्याला वाटते तेवढी नवी नाही. तिचं खरं महत्त्व कळायला मात्र बराच काळ जावा लागला, आणि ते कळलं श्रवणयंत्रांवर काम करणाऱ्यांना.

अमेरिकेत नोल्स कंपनीनं १९७२ साली 'केमार' नावाचा पुतळा आणला. डोकं, धड आणि कान असलेला हा पुतळा श्रवणयंत्रं मोजण्यासाठी होता. त्याच क्षेत्रातले मीड किलियन यांनी १९८३ साली एटिमोटिक रिसर्च ही कंपनी काढली आणि १९९१ साली 'ईआर-४' हा इयरफोन आणला. त्यामागचा विचार समजून घेण्यासारखा आहे. आपली कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब, एका बाजूनं उघडी. बासरीच्या नळीसारखी तीही घुमते, सुमारे २,७०० ते ३,००० हर्ट्झच्या आसपास. जन्मापासून आपण जग या घुमाऱ्यासह ऐकतो. इयरफोन घातला की नळीचं तोंड बंद होतं आणि हा घुमारा बदलतो. म्हणून तो उंचवटा इयरफोननं स्वतःच भरून द्यायला हवा, तरच गळा नैसर्गिक वाटतो. त्याचा ग्राफ सरळ रेषेत असेल, तर तो कानाला मात्र दबलेला लागेल.

दुसरी गोष्ट टिपची. ती नळीत घट्ट बसली नाही, तर फटीतून सगळ्यात आधी बास निसटतो. कित्येक इयरफोन 'बास नाही' म्हणून परत जातात, तेव्हा दोष टिपच्या मापाचा असू शकतो. बहुतेक खोक्यांत दोन-तीन मापं असतात. निकाल देण्याआधी सगळी घालून पाहावीत. दोन्ही कानांना वेगळी मापं लागली तरी काही बिघडत नाही.

मोजमापाचीही मर्यादा आहे. इंटरनेटवरचे बहुतेक ग्राफ ज्या कृत्रिम कानावर निघतात, त्याचं प्रमाण १९८१ सालचं, आणि ते १०,००० हर्ट्झपर्यंतच खात्रीचं आहे. त्याच्या वरच्या रेघांवरून वाद घालण्यात अर्थ नाही.

आणि किंमत? २०१७ साली येरून ब्रेबार्ट यांनी २८३ हेडफोनांची मोजणी प्रसिद्ध केली. त्यात कानात बसणारेही होते. आवाजाचा समतोल आणि किंमत यांत संबंध सापडला नाही. महाग वस्तूत तार टिकाऊ असेल, बांधणी चांगली असेल, पण समतोलाची हमी किमतीत नसते. महिन्याचे पैसे साठवून घेणाऱ्या विद्यार्थ्यानं हे ध्यानात ठेवावं.

मग वायर कशाला हवी? गेमसाठी हे कारण सरळ आहे. साध्या ब्लूटूथनं आवाज पोचायला दीडशे ते दोनशे मिलिसेकंद सहज लागू शकतात. सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या गेममध्ये तेवढ्यात नऊ ते बारा चित्रं सरून जातात. गोळी सुटलेली दिसते आधी, ऐकू येते नंतर. वायरमध्ये ही अडचण जवळपास शून्य. गाण्याला या उशिराचा फरक पडत नाही.

गाण्यासाठी परीक्षा आपल्या घरचीच घ्या. ओळखीची एखादी मैफल लावा. तंबोऱ्याची जवारी सुटी ऐकू येते का? डग्ग्याची घुमक गळ्यावर चढत नाही ना? जो इयरफोन डग्गा फुगवतो, तोच गेममध्ये स्फोटांच्या गडगडाटाखाली पावलं बुडवतो. म्हणून दोन्हींसाठी वेगळी वस्तू घ्यावी लागेलच असं नाही.

शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मानकात प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास ही मर्यादा आहे, मुलांसाठी ७५ डेसिबल. दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा. म्हणजे ८९ डेसिबलला प्रौढांना आठवड्याचे पाचच तास उरतात, आणि रोज दोन तास खेळणाऱ्याचे ते तिसऱ्या दिवशीच संपतात. टिप नीट बसली की लोकलचा खडखडाट बाहेर राहतो आणि आवाज वाढवावा लागत नाही. म्हणून दोन इयरफोनांत निवड अडली, तर ज्यात कमी आवाजावरही शब्द आणि पावलं स्पष्ट कळतात, तो घ्या. बिघडलेला इयरफोन बदलता येतो. कानाच्या आतल्या ज्या नाजूक पेशी मोठ्या आवाजानं मरतात, त्या परत उगवत नाहीत.

आता आपले प्रश्न घेऊ.